अण्णांनी पुकारली चित्रं

आमच्या अण्णांनी आयुष्यात ज्वारी, तूर, करडई, मूग, उडीद आणि एकदा आधुनिक चित्रकला यांचा हर्रास पुकारला.

हर्रास म्हणजे लिलाव. (लिलाव हा शब्द आमच्याकडं फक्त पाटीवर असायचा, तोंडात हर्रासच.) लातूरच्या मोंढ्यात सकाळी धान्याचे ढीग लागले की अण्णा एकेका ढिगापुढं उभे राहायचे, मूठभर दाणे उचलून तळहातावर पसरायचे आणि सगळ्यात आधी काय सांगायचे, तर मालातली खोट! "खडा हाय, बघून घ्या! खालचा थर भिजका हाय! मुठीत चार दाणे किडके!" मग बोली. नवखा शेतकरी हे ऐकून कपाळाला हात लावायचा. जुन्यांना मात्र ठाऊक होतं, की अण्णांनी खोट सांगितली की व्यापारी निर्धास्त होऊन बोली वाढवतो, कारण अण्णांनी जी सांगितली नाही ती खोट त्या मालात नसतेच. आणि समजा निघालीच, तर अण्णा ती स्वतः निस्तरून देणार. तीस वर्षांत तशी पाळी आली नव्हती. मोंढ्यात कुणाची गादी होती, कुणाचं गोदाम होतं, आमच्या अण्णांचा शब्द होता.

आणि मी? मी चित्रकला शिक्षक. नांदेडला जाऊन रीतसर परीक्षा देऊन आलेला, दाढी राखलेला, झोळी अडकवलेला. अख्ख्या लातुरात आधुनिक चित्रकला कळणारा एकटा माणूस! (हे माझं मत. दुसऱ्या कुणाला मत नव्हतं.) पण पाहुण्यांनी विचारलं, "मल्लिकार्जुन काय करतो?" की अण्णा सांगायचे, "शाळंत रेघोट्या वढतो." हे आठवलं की मला आजही संताप येतो.

लातूर जिल्हा नवा नवा झाला आणि पावसानं पाठ फिरवली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. (आमच्या उस्मानाबादच्या पाहुण्यांना तो दिसायचा.) कचेऱ्या नव्या, पाट्या नव्या, शिक्के नवे, नळ मात्र जुनेच आणि तेही कोरडे. मोंढ्यात ढीग लागेनात. अण्णा सवयीनं सकाळी टोपी घालून जायचे आणि तासाभरात परत यायचे. पण गळा रिकामा राहिला की माणूस बिघडतो. अण्णांनी घरात सुरुवात केली. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, ताटात भाकरी टाकली की ती उचलून उजेडाला धरायचे आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "कड कच्ची हाय! मधी करपलीय! बघून घ्या!"

"घ्या न्हाई तर ठेवा!" अव्वा चुलीपुढून ओरडायची. "हितं दुसरं गिऱ्हाईक न्हाई!"

अशात एक दिवस डॉक्टरीणबाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. या आमच्या गावातल्या मोठ्या डॉक्टरांच्या पत्नी, माहेर पुण्याचं. आता जिल्हा झालाय तर जिल्ह्याला शोभेल असं काहीतरी झालं पाहिजे, हा त्यांचा ध्यास. त्यांच्या भाच्याच्या ओळखीनं मुंबईच्या चित्रकारांनी दुष्काळासाठी वीसेक चित्रं दिली होती. आधुनिक आणि समकालीन चित्रांचा भव्य लिलाव होणार होता आणि येईल ती रक्कम औसा रस्त्यावरच्या जनावरांच्या छावणीला कडबा घ्यायला जाणार होती. हे सगळं त्या उंबऱ्यातच सांगत होत्या आणि माझी छाती क्षणाक्षणाला फुगत होती. शेवटी कलेची कदर करणारं कुणीतरी घर शोधत आलं!

"माझी चित्रं आतल्या खोलीत आहेत," मी नम्रपणे म्हणालो.

"नाही नाही, मला तुमच्या वडिलांना भेटायचंय," बाई म्हणाल्या. "चित्रं घेणार कोण? मोंढ्यातले व्यापारीच ना! आणि ते म्हणे फक्त तुमच्या वडिलांचं ऐकतात."

ओसरीवर बसलेल्या अण्णांनी टोपी सारखी केली. तेवढ्यात त्यांचा चेहरा असा उजळला, की मृग बरसला असता तरी उजळला नसता. मी मात्र पेटलो. म्हणालो, अण्णा येतील, पण एका अटीवर: लिलावात माझंही चित्र पाहिजे! बाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "बरं, शेवटी लावू या. दाराशी."

दाराशी! जिथं लोक चपला काढतात तिथं! पण दुष्काळी माणसानं मानापमान बघू नये म्हणून मी गप्प बसलो.

चित्र काढायला बसलो तर अव्वा आडवी. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. घागर मिळायची, तीही भांडून. "मान्साला तोंड धुवायला पानी न्हाई, आन् हा कुंचले धुवायलाय!" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. शेवटी तडजोड झाली, की आठवड्याला एक तांब्या. तो रंगीत झाला की अव्वा तो बेलाच्या झाडाला घालायची. त्या वर्षी बेलाला निळसर पानं आली असं ती पुढं कितीतरी वर्षं शपथेवर सांगत असे. असो. इतक्या हालअपेष्टांतून माझं चित्र जन्माला आलं. नाव ठेवलं, 'दुष्काळ: एक आक्रोश'.

लिलावाच्या आदल्या दिवशी मुंबईचा माल, म्हणजे चित्रं, शाळेच्या सभागृहात टांगला गेला. अण्णा चष्मा लावून बघायला निघाले. मी सोबत. त्यांनी एकेक चित्र समोरून बघितलं, उलटं करून पाठीमागून बघितलं, अंगठ्यानं दाबून बघितलं, एकाचा वास घेतला आणि खिशातल्या वहीत काहीतरी टिपून घेत राहिले.

"एकूण माल बरा हाय," शेवटी म्हणाले. "पन खोटी लई."

"खोटी?" मी त्यांची वाट अडवली. "अण्णा, चित्रातल्या खोटी सांगायच्या नसतात! चित्राचा आशय सांगायचा असतो!"

"आशय कुठं असतो?"

"आत असतो."

"आत हात घालून बघता येतंय का?"

"नाही."

"मग आतली हमी मी देत न्हाई. वर दिसतंय तेवढं सांगणार."

रात्रीच्या जेवणापर्यंत मी त्यांच्या मागं मागं फिरलो. बाकीच्या चित्रांचं तुम्ही काय वाट्टेल ते करा, पण माझ्या चित्राच्या खोटी सांगू नका. गावासमोर, मुख्याध्यापकांसमोर, माझ्या विद्यार्थ्यांच्या बापांसमोर एकदा, फक्त एकदा, माझ्याबद्दल चांगलं बोला! अण्णा ताटातली भाकरी मोडत म्हणाले, "मल्ल्या, खोट न सांगता मी माल कधी पुकारला न्हाई."

इथं अव्वा मधे पडली. "तीस वरसं धान्याचं खरं बोललाव," ती म्हणाली, "पोराचं एक दिवस चांगलं बोला की!"

"बरं," अण्णा म्हणाले, आणि ताटावरून उठले. भाकरी अर्धी तशीच होती. पण मी इतका खूश होतो, की ती अर्धी मीच खाल्ली.

लिलावाला अख्खा मोंढा लोटला. सगळ्यात पुढं नागप्पाशेठ. तूर आणि करडईचे मोठे खरेदीदार, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, तोंडात सुपारी, आणि संशय हा त्यांचा कायमचा धंदा. डॉक्टरीणबाईंनी पहिली दोन चित्रं स्वतः सादर केली. चित्रातल्या माणसाच्या एकाकीपणाबद्दल, निळ्या रंगातल्या वेदनेबद्दल त्या इतकं सुंदर बोलल्या की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बोली मात्र एकही आली नाही.

शेवटी नागप्पाशेठ उठले. "बाई, माल येवढा चांगला हाय, मग विकायलाव कशाला?"

सभागृहानं माना डोलावल्या. बाई घामाघूम झाल्या आणि त्यांनी अण्णांकडं बघितलं.

अण्णा उठले. घाईत पायातच राहिलेल्या चपला काढल्या. (माल पुकारताना पायात चपला नकोत, हा त्यांचा नेम.) पहिल्या चित्राच्या चौकटीवर हात ठेवला आणि कित्येक महिन्यांनी तो आवाज सुटला. गंजगोलाईच्या चौकात भाजी विकणाऱ्या बायांनी म्हणे मान वर करून बघितलं.

"ही बाई! निळी हाय! हिला सहा बोटं हायत, मी दोनदा मोजली! डावा कान उजव्यापेक्षा मोठा! खालचं वीतभर कापड कोरंच हाय, मापात धरू नका! बोला!"

"अहो!" मुंबईहून आलेले चित्रकार, अविनाशराव, खुर्चीतून उडाले. (डॉक्टरीणबाईंचे भाचे ते हेच. निळी बाई त्यांचीच.) "ते मुद्दाम केलंय!"

"मुद्दाम केली तरी खोट ती खोटच," अण्णा शांतपणे म्हणाले. "ज्वारीत मुद्दाम खडे घातले तर खडेच म्हणायचे. बोला शेठ!"

"मावशी, थांबवा यांना!" अविनाशराव लाल झाले. मीही लाल झालो. कलेची अशी भर सभेत विटंबना! मी उठून निषेध नोंदवणार, तेवढ्यात नागप्पाशेठनी बोली लावली. मागून दुसऱ्यानं लावली. तिसऱ्यानं चढवली. नागप्पाशेठ स्वतः पुढं येऊन बोटं मोजून गेले. "सहा सांगितली, सहाच हायत," ते म्हणाले. "व्यवहार चोख." आणि निळी बाई घेतली!

मग धडाकाच लागला. "ह्यात वर्तमानपत्र चिकटवलंय, ते बी जुनं!" बोली. "ह्याला भेगा हायत, वरून खालपर्यंत!" बोली. "हे काय हाय मला कळलं न्हाई, ज्यानं काढलं त्याला बी कळलं असंल मनून सांगता येत न्हाई!" यावर तर तिघांची जुंपली! तासाभरात अविनाशरावांचा राग कुठल्या कुठं गेला. त्यांचं दुसरं चित्र आलं तेव्हा ते स्वतः अण्णांच्या कानाशी लागले, "अण्णा, ते वर कोपऱ्यात रंग जरा ओघळलाय, तेपण सांगा ना."

दुपारपर्यंत सगळी चित्रं गेली. व्यापारी आपापली खरेदी काखेत मारून उभे होते. छावणीतल्या बैलांची सोय झाली म्हणून डॉक्टरीणबाई डोळे पुसत होत्या. आता एकच चित्र राहिलं होतं, दाराशी, चपलांच्या वर.

अण्णा त्याच्यापुढं गेले. चष्मा काढून हातात घेतला.

"हे चित्र," अण्णा म्हणाले. तो दणदणीत आवाज एकदम विहिरीच्या तळाशी गेला. "ह्या चित्रात एक बी खोट न्हाई. बोला."

नागप्पाशेठनी तोंडातली सुपारी चघळायची थांबवली.

"अण्णा, परत सांगा."

"खोट न्हाई."

"एक बी न्हाई?"

"न्हाई."

नागप्पाशेठ चित्राजवळ आले. वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं, वास घेतला आणि दोन पावलं मागं सरकले. सभागृहात कुजबुज सुरू झाली. "अण्णानं काहीतरी दडवलं." "चित्र कुणाचं हाय?" "पोराचं." "हां, मग बरोबर!" आणि मग मागून कुणीतरी म्हणालं, "आज एक दडवलं, मंजी सकाळधरनं काय काय दडवलं आसंल?"

बस्स! एकेकानं काखेतलं चित्र खाली ठेवलं. नागप्पाशेठनी निळ्या बाईची बोटं पुन्हा मोजायला घेतली. कुणी म्हणू लागला, सगळा माल परत तपासा, तोवर पैसे द्यायचे नाहीत. डॉक्टरीणबाईंचा चेहरा पांढरा पडला. मला इतका संताप आला की काय सांगू! एक चित्र, एकच चित्र या माणसांना बिनखोट बघवत नव्हतं! मी अण्णांकडं बघितलं, की आता तरी यांनी या लोकांना सुनवावं.

अण्णा खाली मान घालून उजव्या अंगठ्यानं स्वतःचा तळहात चोळत होते, दाणे बघताना चोळायचे तसा. हातात काही नव्हतं. तीस वर्षं ज्या माणसाला कुणी "परत सांगा" म्हटलं नव्हतं, त्याला आज भर सभेत म्हटलं गेलं, आणि ते माझ्यामुळं. माझी मलाच लाज वाटली. पावसानं मोंढा नेला होता, उरलेला शब्द मी घालवत होतो.

"थांबा!" मी खुर्चीवर चढलो. "माझ्या चित्रात खोटी आहेत! अण्णांना मी सांगू दिल्या नाहीत! मी सांगतो!"

सगळे माझ्याकडं वळले.

"उजवीकडं जे झाड दिसतंय ते झाड नाही! तो आभाळाकडं उचललेला हात होता. मला हात जमत नाहीत!"

(आमचे मुख्याध्यापक पहिल्या रांगेत होते.)

"बैल कॅलेंडरवरून उतरवलाय! आणि कॅलेंडरवर तो घोडा होता!"

मागून एक बोली आली. मी चमकलो.

"मधला जो मोठा डोळा आहे, धरणीमातेचा, तो डोळा नाही! तिथं रंगाची वाटी ठेवली होती, तिचा डाग पडलाय!"

दुसरी बोली! नागप्पाशेठ खुर्चीच्या कडेवर आले.

"आन् ह्या भेगा?" त्यांनी विचारलं. "भेगा तरी बऱ्या काढल्यास."

"मी काढल्या नाहीत! डिंक कमी पडला, वाळताना आपोआप पडल्या!"

"मग दुष्काळ?"

"दुष्काळ नंतर म्हणालो!" मी किंचाळलो. "आधी चित्राचं नाव 'वसंतोत्सव' होतं!"

सभागृह हशानं कोसळलं. आणि बोलीवर बोली! मी थांबलो की बोली थांबायची, मी नवी खोट काढली की चढायची. मग मलाही जोर चढला. क्षितिज वाकडं आहे! सावल्या दोन दिशांना पडल्यात! कावळा पाठमोरा आहे कारण चोच बिघडली होती! एवढ्या आत्मविश्वासानं मी वर्गात कधी बोललो नव्हतो. शेवटी नागप्पाशेठनी हात वर केला आणि आधीच्या सगळ्या चित्रांच्या वर बोली नेऊन ठेवली. "सोताच्या मालातल्या येवढ्या खोटी सांगनारा म्या आजवर बघितला न्हाई," ते म्हणाले. खाली ठेवलेली चित्रं पुन्हा काखेत गेली. अण्णांनी चष्मा चढवला, मान वर केली, आणि "एक... दोन... तीन!" असं ओरडले, की खिडक्यांची तावदानं हलली.

घरी येताना अण्णा माझ्या खांद्यावर हात ठेवून चालले. मी मोठा झाल्यापासून त्यांनी तो कधी ठेवला नव्हता. माझं चित्र विकलं गेलं होतं, सगळ्यांत चढ्या बोलीला, आणि अण्णांचा शब्दही राहिला होता. त्या रात्री मी राजासारखा झोपलो.

सकाळी दारात नागप्पाशेठ! काखेत पोत्यात गुंडाळलेलं माझं चित्र.

"अण्णा, तक्रार हाय," ते ओसरीवर बसत म्हणाले. "एक खोट सांगितली न्हाई काल. खाली उजव्या कोपऱ्यात बघा. काळं, वाकडंतिकडं, अळी वळवळल्यावानी काहीतरी हाय."

मी झडप घालून बघितलं. "अहो शेठ, ती सही आहे!" माझा तोल सुटला. "माझी सही! चित्रकार सही करतोच! जगभर करतात!"

"मी तुझ्याशी न्हाई, अण्णाशी बोलायलालो," शेठ म्हणाले.

अण्णांनी चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसला. चित्र उजेडाला धरलं. वाकून पुष्कळ वेळ बघितलं, अंगठ्यानं दाबून बघितलं. मी देव पाण्यात घालून उभा. (पाणी असतं तर.)

"शेठ, तुमचं बरोबर हाय," अण्णा म्हणाले. "ही सांगायची राहिली."

आणि त्यांनी अव्वाकडून उलथनं मागवून माझ्या हातात दिलं. काय करणार! अण्णांच्या शब्दाला बट्टा लागू नये म्हणून ती खोट मी माझ्या हातानं खरवडून काढली. माझं विकलं गेलेलं हे एकुलतं एक चित्र आजही नागप्पाशेठच्या गादीमागं लटकतंय, आणि हे कुणाचं म्हणून गिऱ्हाइकानं विचारलं, की त्यांची मुलं मोठ्या अभिमानानं सांगतात, "अण्णांच्या हर्रासातलं!"